परवानगीशिवायची राणी

आमच्या घरात ही गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आहे. वडीलकीचा मान म्हणून नव्हे. ज्यांनी ती नीट सांगितली असती ते गेले, आणि उरलेल्यांत गोष्ट लांबवायची खोड एकट्या मला आहे. सांगताना आमची मंडळी स्वयंपाकघरातून ओरडून दुरुस्त्या करतात. इथं कागदावर त्यांना तसं करता येणार नाही, तेवढा फायदा मी घेणार आहे.

गोष्ट आमच्या मामांची. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, वसमतला हळदीच्या अडतीवर मापारी. दिवसभर काट्यावर पोती चढवून वजन पुकारणं हा त्यांचा धंदा, आणि वर्षातून एकदा गावच्या नाटकात राणी होणं हा त्यांचा जीव. हळदीनं त्यांचे तळहात बारा महिने पिवळे असत, त्यामुळं राणीच्या हातांना वेगळा रंग लावावा लागत नसे. नाटक त्यांनीच रचलेलं, आणि दरसाल तेच. एक राणी असते. शेजारचा बलाढ्य राजा तिच्याकडं दूत पाठवतो, की किल्ला खाली कर. राणी वेशीचा दरवाजा लावून घेते आणि वरून दूताला सुनावते. दूत मी. मला वाक्यं तीन होती, आणि भीतीपोटी मी ती तिन्ही एका दमात म्हणून मोकळा होत असे. मग राणीला तिन्ही उत्तरं एकदम द्यावी लागत. लोकांना वाटे, नाटक तसंच आहे.

पोलीस ॲक्शनच्या सात-आठ वर्षं आधीचा काळ हा. निजामाचं राज्य, बाहेरचे लोक ज्याला मोगलाई म्हणत. चार माणसं पारावर बसून बोलू लागली की पाचवा आधी मागं वळून बघायचा. सभा असो, नाटक असो, आधी परवानगी काढायची. मामा दरसाल अर्ज देत आणि चौकीत जाऊन अमीनसाहेबांना, म्हणजे फौजदाराला, नाटक समजावून सांगत. साहेबांना मराठी येत नसे, म्हणून मामा सगळं नाटक चौकीतच करून दाखवत आणि माझ्या जागी कोठडीतला एखादा चोर उभा करत. त्यातला एक चोर माझ्यापेक्षा बरा दूत करायचा, असं मामा पुढं कितीतरी वर्षं सांगत असत.

जुने अमीन हसून सही करत. त्या साली नवे आले. त्यांनी नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, मामांना प्यायला पाणी दिलं आणि विचारलं, "रानी दरवाजा काहे को बंद करती?"

मामा म्हणाले, "तिचा किल्ला हाय ना साहेब."

"इजाजत नहीं."

झालं. मामा घरी आले आणि त्यांनी राणीचा शालू, दागिने आणि गंगावन ट्रंकेत भरलं. मामा कधी कायद्याबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. रस्त्यात पोलीस दिसला तरी टोपी सरळ करायचे. आईनं त्यांना विचारलं, "दुसरं एखादं नाटक कर की. दरवाजा नसलेलं." मामा म्हणाले, "आक्का, दरवाजा न्हाई तर मंग नाटक काहून करायचं?" आणि त्यांनी जाहीर केलं, की आपलं संपलं, आता हे सगळं सामान कुणा चालवणाऱ्याला देऊन टाकायचं.

चालवणारे कोण, तर माझ्या थोरल्या बहिणीच्या गावचे. ताई लग्न होऊन मुंबईजवळच्या एका गावात राहत होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आमचे नातेवाईक अजून राहतात. मुंबईला नोकरी आणि गावात कला, असं ते गाव होतं. दोन घरं सोडून पेटी, तीन घरं सोडून तबला, आणि मधल्या घरांत कुणीतरी चित्रं काढत असायचं. ताई लिहायची, की इथलं नाटकमंडळ फार मोठं आहे, स्वतःचं थिएटर आहे. मामांनी ठरवलं, आपला पडदा त्यांना द्यायचा.

या पडद्याबद्दल सांगायला हवं. तो आमच्या वसमतच्या एका चाचांनी रंगवला होता. चाचा मोहरमला ताबूत सजवायचे. कागद, बेगड, रंग यांत त्यांचा हात बसलेला. मामांनी त्यांना सांगितलं, राजवाडा काढा. चाचांनी उभ्या जन्मात राजवाडा पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिलेली सगळ्यांत थोर इमारत म्हणजे हिंगोलीच्या छावणीतला गोऱ्या साहेबाचा जुना बंगला. तेव्हा आमच्या राणीच्या हजार वर्षांपूर्वीच्या महालाला मंगलोरी कौलं होती, व्हरांड्यात फुलांच्या कुंड्या होत्या, आणि एका कोपऱ्यात दोरीनं पंखा ओढणारा माणूस बसला होता. वर घुमट मात्र ताबुताचे, सोनेरी. आमच्याकडं कुणाला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पंख्यामुळं राणीला गार वाटत असेल, असं एक म्हातारी म्हणाल्याचं मला आठवतं.

तर मामा, मी, ती ट्रंक आणि गुंडाळलेला पडदा असे चौघे निघालो. पूर्णा, औरंगाबाद, मनमाड. पडदा डब्यात आडवा मावत नव्हता, तो खिडकीतून टोक बाहेर काढून न्यावा लागला. मनमाडला गाडी बदलली तेव्हा मामांनी विचारलं, "आता निजाम संपला का?" मी म्हणालो, संपला. मामांनी फलाटावर दोन पावलं टाकून बघितली. जमीन तशीच निघाली, त्यामुळं जरा हिरमुसले.

ताईच्या घरी पोचलो. ताई दोन भाषा बोलायची. बाहेरच्या खोलीत "मामा, आपण बसा ना" आणि आत गेल्यावर "काहून इतके वाळले हो तुमी?" तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मुंबईला कचेरीत होते. पण त्या गावात कुणी नोकरीवरून ओळख करून देत नसे. पहिल्याच संध्याकाळी सहाजण भेटायला आले. एक म्हणाला, मी बँकेत असतो, पण मूळचा गायक. दुसरा रेल्वेत होता, पण मूळचा नट. मामांना कुणीतरी विचारलं, आपण? मामा म्हणाले, "मी हळद मोजतो. मूळचा बी तोच."

मामांनी सामान द्यायला आणलंय हे ऐकून मंडळी खूश झाली. रविवारी त्यांचा नाटकाचा प्रयोग होता. त्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या जागेत पडदा बघायचं ठरलं, आणि प्रयोगाला आम्ही पाहुणे म्हणून यायचं.

आता मामांनी जे केलं ते फक्त आमच्याकडचा माणूस करील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, टोपी सरळ केली आणि मला म्हणाले, "चल. चौकीला सांगून येऊ."

"काय सांगून?"

"परगावचे दोघं आलो. रविवारी जमावात बसणार. उद्या जावईबापूवर बालंट नको."

ताई म्हणाली, "मामा, इथं असलं काही नसतं." बाहेर शेजारी उभे होते म्हणून ती छापील बोलली. मामांना ते औपचारिक वाटलं. आम्ही गेलो.

चौकीत एक जाडजूड हवालदार भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मामांनी दारातूनच नमस्कार घातला आणि म्हणाले, आम्ही नाटक बघायला आलो.

"इथं नाही, थेटरात आहे. स्टेशनापलीकडं."

"व्हय. त्याचीच परवानगी मागून राहिलो."

हवालदारांनी शेंग खाली ठेवली. "कुणी मारलं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग चोरी?"

"न्हाई साहेब. नाटक. रविवारी. आमी दोघं बसू का?"

"बसा की. मला काय विचारता? मी कोण बसा म्हणणारा?"

मामा जरा पुढं सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंग न्हाई कोण म्हणतं?"

हवालदारांनी खरोखर विचार केला. नाही म्हणणारा माणूस त्यांना लवकर सापडेना. शेवटी म्हणाले, "नाही म्हणायला त्यांचा सेक्रेटरी असतो. मागल्या साली मला पास दिला नाही मेल्यानं." आणि आम्हाला मूठ मूठ शेंगा दिल्या.

परत येताना माझ्या शेंगा संपल्या तरी मामांची मूठ तशीच मिटलेली.

दाजींनी ही हकीकत कौतुकानं एका मित्राला सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. मग ज्याच्या त्याच्या घरी आम्हाला चहाला बोलावणं. "मामा, तो हवालदाराचा किस्सा होऊ द्या. अगदी तुमच्या भाषेत." मामा भोळेपणानं सांगत. "मागून राहिलो" म्हटलं की बायका पदर तोंडाला लावत. एक गृहस्थ तर "राहिलो, राहिलो" असं म्हणून मांडीवर ताल धरायचे. तिसऱ्या घरी मामांनी किस्सा इतका आखूड केला की त्यात हवालदारच उरला नाही.

शनिवारी पडदा उलगडला. मंडळाचे दहा-बारा लोक होते. पहिल्यांदा कौलं दिसली तेव्हा कुणी हसलं नाही. कुंड्या दिसल्या तेव्हा दोघं खोकले. पंखेवाला दिसला आणि मग कुणालाच आवरेना. सेक्रेटरी तर भिंतीला टेकले. मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो. मला वाटलं, पाहुण्यानं हसावं.

त्यांच्यातले एक चित्रकार मात्र हसले नाहीत. खांद्यापर्यंत केस, गळ्यात शाल. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका. हा अस्सल नमुना आहे. आपण हा आपल्या प्रदर्शनात भिंतीवर लावू. खाली चिठ्ठी लावू, मोगलाईतल्या अशिक्षित कारागिराचं काम."

मामा म्हणाले, "आन त्याच्यापुढं नाटक कोण करणार?"

"छे, छे. नाटकाला आमचे नवे पडदे आहेत. हा फक्त पाहायचा."

"पडदा पाहायला नसतो हो," मामा म्हणाले. "त्याच्यापुढं माणूस उभं करायला असतो."

चित्रकारांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मामांनी पडदा गुंडाळायला घेतला, आणि बाकीचे आपल्या नव्या पडद्यावरून भांडायला लागले. बागेच्या देखाव्यात चंद्र असावा की नसावा, यावरून मंडळात दोन तट होते आणि एका तटानं रविवारी न येण्याची धमकी दिली होती. आम्ही निघालो तेव्हा चंद्राच्या बाजूचे खुर्चीवर उभे होते.

घरी येताना मामा म्हणाले, "ह्यांना न्हाई म्हणणारं कुणी न्हाई, म्हणून हे एकमेकांना म्हणून राहिले."

रविवारी आम्ही पहिल्या रांगेत. नाटक चांगलं झालं, म्हणजे जेवढं मला कळलं तेवढं. मध्यंतरात सेक्रेटरी पडद्याबाहेर आले आणि म्हणाले, आपल्याकडं मोगलाईतून एक गमतीदार पाहुणे आलेत, ते आपल्याला एक किस्सा सांगतील. ताईनं माझ्या दंडाला धरलं. मामा उठले, टोपी सरळ केली आणि पायऱ्या चढून वर गेले.

लोक हसायच्या तयारीत पुढं सरकून बसले. मामा म्हणाले, "किस्सा तुमी सगळ्यांनी ऐकला. आमच्याकडं नाटकाला परवानगी लागती. औंदा दिली न्हाई. जे नाटक दिलं न्हाई, त्याच्यातलं जरा दाखवतो."

आणि त्यांनी धोतराचा सोगा डोक्यावरून घेतला. पन्नाशीला आलेला, पिवळ्या हातांचा, डोळ्याला बारीक चष्मा असलेला माणूस. लोक हसले. मामांनी हसू संपू दिलं आणि वेशीवर येऊन उभ्या राहिलेल्या राणीसारखी मान वर केली. एरवी मामांची राणी छापील मराठी बोलायची, कारण राणी आमच्यासारखी कशी बोलेल? त्या दिवशी ती आमच्यासारखी बोलली.

दूत हवा होता. मामांनी खाली माझ्याकडं पाहिलं. मी जागेवरून उठलो आणि सवयीप्रमाणं तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून खाली बसलो. शेजारची बाई दचकली.

मामा म्हणाले, "सांग तुझ्या राजाला. ह्यो दरवाजा सागाचा हाय म्हणून बंद न्हाई. लोखंडाच्या पट्ट्या हायेत म्हणून बंद न्हाई. म्या लावला म्हणून बंद हाय. जोर आसंल तर ढकल. नसंल तर तिथंच बस. ऊन लई हाय, पाणी पाठवून देते."

सेक्रेटरींनी आत घंटा वाजवली. मध्यंतर संपलं होतं. मामा थांबले नाहीत. राणीचं ते भाषण लांबलचक आहे, चौकीत अमीनसाहेबांनीही ते पुरं ऐकलं होतं. घंटा पुन्हा वाजली. मग सारखी वाजू लागली. मामा घंटेच्या वर आवाज चढवत गेले. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "अहो, ती घंटा थांबवा जरा," आणि घंटा थांबली. मामांनी भाषण संपवलं, सोगा खाली घेतला आणि आले.

टाळ्या पडल्या. काही भाषणाला, काही ते संपलं म्हणून. सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले, "मामा, आपण विचारायला हवं होतं. आमचा पुढचा अंक खोळंबला."

"व्हय," मामा म्हणाले. "इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हणला आसता."

सोमवारी आम्ही निघालो. पडदा परत खिडकीबाहेर टोक काढून. ट्रंकही परत. ताई स्टेशनवर आली होती आणि अख्ख्या फलाटासमोर आमच्या बोलीत म्हणाली, "मामा, औंदा करा बरं. मी येऊन राहिले बघायला." मनमाडनंतर निजामाच्या हद्दीतल्या करोडगिरीवाल्यांनी, म्हणजे जकातवाल्यांनी, पडदा उलगडायला लावला. महाल, कुंड्या आणि पंखेवाला सगळं फलाटावर पसरलं. जकातदार बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हिंगोली का बंगला है ना?" मामा इतके खूश झाले की मला वाटलं ते त्याला पडदा देऊन टाकतात.

घरी आल्यावर मामांनी नाटक लावलं. अर्ज नाही, चौकी नाही. हळद काढायच्या आधी अडतीमागचं वाळवणाचं पटांगण मोकळं असतं, तिथं. आणि वेळ दुपारची चार. मी म्हणालो, मामा, रात्री करा, निदान लांबून दिसणार नाही. मामा म्हणाले, "चोरून करायचं काहून? दिवसा करू. चष्म्याशिवाय मला रात्री दिसत बी न्हाई." चाचांनी स्वतः येऊन दोन गाड्यांच्या उभ्या दांड्यांना पडदा बांधला आणि घुमटांवर नवा बेगड चिकटवला. ताई खरंच आली. सगळा बाजार आला.

राणी वेशीवर आली आणि त्याच वेळी चौकीतले दोन शिपाई आले. मी तीन वाक्यांतल्या पहिल्याच्या मध्यावर होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी थांबलो.

मोठा शिपाई म्हणाला, "क्या चल रहा है? इजाजत किसकी?"

मामा शालूत, गंगावनात, तोंडाला पांढरा रंग. "आमी मागितलीच न्हाई."

"काहे को?"

"मागितली की साहेबांना न्हाई म्हणायची तकलीफ. कशाला त्यांना तकलीफ?"

लोक हसले. शिपाई म्हणाला, बंद करा. मामा म्हणाले, "बसा. संपलं की येतोच. पळून जायला मला हे नऊवार नेसून जमतंय का?" शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं. चाचांनी दोन पोती आणून टाकली. ते बसले.

नाटक पुरं झालं. मग शिपायांनी मामांना नेलं, आणि बरोबर मलाही, कारण माझ्या हातात तलवार होती. ती लाकडाची होती, पण हत्यार म्हणून जप्त केली. मामांनी शालू सोडला नाही. तसेच बाजारातून चालत गेले, आणि मी मागून, रिकाम्या हाताचा दूत.

मला संध्याकाळीच सोडलं. मामांना दोन-तीन दिवस ठेवलं. अमीनसाहेबांनी त्यांना माफी लिहून द्यायला सांगितली. मामा म्हणाले, कशाची माफी लिहू ते सांगा, नाटक बिघडलं असेल तर भाच्याच्या वतीनं लिहितो. माफी काही लिहिली नाही. शेवटी साहेब कंटाळले. मी मामांना आणायला गेलो तेव्हा साहेब त्यांना म्हणत होते, "अगली बार पूछ के करना. समझे?"

मामांनी मी नेलेली टोपी घातली. ती सरळ केली नाही. म्हणाले, "सांगून करीन साहेब. इचारणार न्हाई."

आणि पुढल्या साली मामा तसेच चौकीत गेले. दिवस सांगितला, वेळ सांगितली, आणि निघताना म्हणाले, पुढं बसायचं असलं तर जरा लवकर या. त्या साली त्यांना पुन्हा नेलं. नाटक झाल्यावर नेलं.